धुरळा कुठं बसला

मिरगाचा पहिला पाऊस आला की आमच्या गावाकडच्या घरातले सगळे बाहेर पळायचे आणि आजी एकटी आत. पोरं अंगणात, काकू सरपण झाकायला, तात्या काहीच न करता दारात उभे राहून आभाळाकडं बघत, आणि आजी पदर नाकाला गच्च धरून माजघराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथं ज्वारीच्या कणग्या होत्या. आतून कडी लावायची. पाऊस थांबून तास-दोन तास झाले तरी बाहेर येत नसायची. आम्हाला वाटायचं म्हातारी विजेला भिते.

आजीला दमा होता. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा दम्याला दमाच म्हणत, अस्थमा वगैरे कुणी नाही. आणि पहिल्या पावसात तिचा दमा हमखास उठायचा. एकदा मी शाळेत शिकलेलं सांगायला गेले की आज्जी, पावसानं हवा धुऊन निघते, धुरळा खाली बसतो, उलट आता बाहेर बसायला पाहिजेस तू. तर म्हणाली, "लोकं म्हणतेत धुरळा बसला. कुठं बसला? माझ्या उरात येऊन बसला."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढं बारा-पंधरा वर्षांनी एमएस्सी बॉटनी करताना मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले तेव्हा ते परत आठवलं.

झालं असं की मला डिझर्टेशनला विषय मिळाला खरिपाच्या ज्वारीवरची हवा. म्हणजे पिकावरून जी हवा वाहते तिच्यात बुरशीचे बीजाणू कोणते, किती, कधी. आज हे सांगितलं की लोक म्हणतात हा काय विषय आहे का, पण मराठवाड्यात बॉटनी शिकलेल्या माणसाला विचारा, त्याच्या ओळखीत एक तरी जण असतोच ज्यानं एअरोबायॉलॉजी केलेली असते, कुणी भुईमुगावर, कुणी बाजरीवर, कुणी बस स्टँडच्या हवेवर. त्याचं कारण प्रा. एस. टी. टिळक. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात बसून या माणसानं हवेतल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाची अख्खी शाळाच उभी केली, अजिंठ्याच्या लेण्यांमधल्या हवेपर्यंत तो अभ्यास नेला, आणि १९७० साली कुलकर्णी नावाच्या सहकाऱ्याबरोबर एक स्वतःचं यंत्र बनवलं. टिळक एअर सॅम्पलर. परदेशी सॅम्पलर घ्यायला पैसे कुठून आणणार, म्हणून इथंच परवडेल असं केलेलं.

दिसायला अगदी साधं. पत्र्याचा डबा, आत पंखा, डब्याला एक बारीक नळी, नळीसमोर एक ड्रम जो घड्याळासारखा हळूहळू फिरतो, आठ दिवसांत एक फेरा. ड्रमवर पारदर्शक टेप गुंडाळायची आणि तिला व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा. हवा आत ओढली जाते, जे काय हवेत असेल ते टेपवर आपटतं आणि चिकटून बसतं. आठ दिवसांनी टेप काढायची, दिवसाचे दोन तुकडे करायचे, ग्लिसरीन जेलीत बसवायचे, आणि मग मोजत बसायचं. मोजत बसायचं म्हणजे खरंच बसायचं, मान दुखेपर्यंत, स्वप्नात बीजाणू येईपर्यंत.

यंत्राला लाईट लागते ही एक गोची. म्हणून मी ते तात्यांच्या वावरात मोटारीच्या खोलीशेजारी उभं केलं, स्टार्टरच्या डब्यातून वायर ओढून. आणि चुलत भावाला एक वही दिली, लाईट गेली की वेळ लिही, आली की वेळ लिही. ती वही अजून माझ्याकडं आहे. पेरणीच्या आधीपासून कापणीपर्यंतचा मराठवाड्याच्या लोडशेडिंगचा इतका प्रामाणिक इतिहास दुसरीकडं कुठं नसेल.

आणि नशीब बघा, ज्या पावसासाठी एवढा खटाटोप केला, मिरगाचा पहिला पाऊस, त्याच दिवशीची नोंद आहे: "लाईट गेली ४.०५. वारं लई. पाऊस ४.३० ला चालू. लाईट आली रात्री ११." संपलं. टेपवर त्या सहा-सात तासांच्या जागी काहीच नाही. त्या संध्याकाळी मी गावातच होते, चिडचिड करत काचेच्या साध्या स्लाइडांना व्हॅसलीन फासलं आणि दोन ठेवून दिल्या, एक ओसरीच्या कट्ट्यावर पाणी लागणार नाही अशी, आणि दुसरी, कशी सुचली माहीत नाही, आजीच्या खोलीत कणगीच्या झाकणावर. त्या स्लाइडांचं पुढं येतेच.

आता पाऊस हवा धुतो हे खोटं आहे का? नाही. शाळेतलं खरंच आहे, फक्त अर्धं आहे. मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरपर्यंत वेगानं खाली येतो, येताना समोरची हवा बाजूला सारत येतो. एसटी स्टँडात शिरते तेव्हा काय होतं आठवा. पोरंसोरं टुणकन बाजूला होतात, पण डोक्यावर गाठोडं घेतलेली म्हातारी जागच्या जागी अडकते. तसंच. मोठे जड बीजाणू, धुळीच्या कणावर चिकटून बसलेले जिवाणू, यांना वळता येत नाही, ते थेंबावर आदळतात आणि त्याच्यासोबत खाली येतात. पण एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, बारीक जे असतं ते हवेच्या प्रवाहाबरोबर थेंबाला वळसा घालून निघून जातं. अतिबारीक असेल तर ते परत थरथरत थरथरत थेंबाला जाऊन चिकटतं, म्हणजे मधल्याच मापाचे, साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचे, सगळ्यात जास्त सुटतात. पावसाच्या चाळणीला नेमकं तिथंच भोक आहे.

हे धुण्याचं झालं. पण पाऊस येताना आधी झाडतो, मग धुतो, आणि धुता धुता परत उडवतो. हे तिन्ही मला एका पट्टीवर दिसलं आणि ती पट्टी मी कधी विसरणार नाही.

ऑगस्टमधली होती. पावसानं जवळजवळ दोन आठवड्यांचा खंड दिला होता, ज्वारी कमरेच्या वर आलेली, खालची पानं वाळायला लागलेली, तात्या रोज संध्याकाळी बांधावर जाऊन नुसते उभे राहायचे. मग एके दिवशी दुपारी आलं. आणि त्या दिवशी लाईट गेली नाही! वहीत भावानं पुढं उद्गारचिन्ह काढलंय. पट्टी मायक्रोस्कोपखाली डावीकडून उजवीकडं सरकवत गेलं की वेळ पुढं सरकते. सकाळचा भाग नेहमीसारखा, क्लॅडोस्पोरियम नावाच्या बुरशीचे बारीक हिरवट-तपकिरी दाणे जिकडंतिकडं, मधेच अल्टरनेरियाचा एखादा, गदेसारखा, आडव्या-उभ्या रेघांचा, कर्व्हुलेरियाचा कमरेत वाकलेला, काणीचे गोल काळपट दाणे, धुळीचे खडे. मग एकदम पट्टी काळवंडते. पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी. ही पावसाच्या आधीची वावटळ आणि पहिले चार टपोरे थेंब. वाळक्या पानावर थेंब आपटला की पान हादरतं आणि पानावर पावडरीसारखे बसलेले कोरडे बीजाणू फस्सकन उडतात, थेंबानं भिजायच्या आधीच. हर्स्ट आणि स्टेडमन या दोघांनी १९६३ मध्ये हे नीट दाखवलं होतं. गादीवर काठी मारल्यावर जे होतं तेच, फक्त काठी पाण्याची.

म्हणजे पहिल्या थेंबाबरोबर हवा आधी घाण होते, जितकी दिवसभर नव्हती तितकी. आजी नेमकी तेव्हाच आत जायची.

त्याच्या पुढं पट्टी मोकळी होत जाते. धुणं सुरू झालं. दोन-चार चुकार दाणे, बाकी व्हॅसलीनचा पिवळट थर. मी मोजायला वैतागलेली, मला तर बरंच वाटलं, म्हणलं चला, पुढं सगळं असंच असेल. आणि अजून थोडं सरकवलं तर काचेसारखे पारदर्शक, लांबट, टोकदार असे वेगळेच बीजाणू यायला लागले. आधी एक-दोन, मग घोळक्यानं, आणि घोळके आठ-आठचे. एका ठिकाणी तर आठ जण ओळीत, शाळेतून रांगेनं निघाल्यासारखे. नेहमीचे तपकिरी लोक गायब आणि हे नवीन पाहुणे. पट्टी बदलली का काय असं वाटून मी लेबल दोनदा वाचलं.

हे अ‍ॅस्कोस्पोर. वाळक्या काडीवर, धसकटावर, कुजलेल्या पाचोळ्यावर राहणाऱ्या बुरश्यांचे. त्यांच्या बारीक पिशव्या असतात, बहुतेक वेळा एकेकीत आठ बीजाणू. कोरड्यात या पिशव्या गप पडून असतात. पाणी मिळालं की फुगतात, आतला दाब वाढत जातो आणि टोक उघडून आठही जण पिचकारीसारखे बाहेर. मिलिमीटर किंवा फार तर काही सेंटिमीटर उडतात, पण तेवढं बस होतं, जमिनीलगतच्या थांबलेल्या हवेतून एकदा वर गेलं की पुढचं काम वारा करतो. यांना पाऊस पाहिजेच. कुत्र्याच्या छत्र्यांचंही तसंच, त्याही पावसानंतर ओल्या हवेत, जास्त करून रात्री, बीजाणू सोडतात. म्हणजे कोरड्या हवेची एक वस्ती आणि ओल्या हवेची दुसरी, आणि पाऊस म्हणजे त्यांची पाळी बदलण्याचा भोंगा. एक पाळी गेटातून बाहेर, दुसरी आत. मधली पाच-दहा मिनिटं कारखाना रिकामा दिसतो, त्याला आपण स्वच्छ हवा म्हणतो.

गंमत म्हणजे हे मी काही नवीन बघत नव्हते. डेव्हिड डग्लस कनिंगहॅम नावाचा इंग्रज सरकारचा डॉक्टर कलकत्त्यात तुरुंगांच्या आसपासची हवा काचेवर पकडून बघत होता, १८७३ मध्ये त्यानं ते चित्रांसकट छापलं. त्याला शोधायचं होतं की कॉलरा, हगवण, डेंग्यू हवेतल्या जंतूंनी होतात का. तसा काही संबंध त्याला लागला नाही, पण जाता जाता त्यानं लिहून ठेवलं की हवेतले बीजाणू बहुतेक जिवंत असतात आणि ओलाव्यानं त्यांची संख्या कमी होत नाही. पुढं पॅरिसच्या माँसुरी पार्कात पिएर मिकेल वर्षानुवर्षं रोज हवा मोजत बसला, त्याला दिसलं की पावसात जिवाणू कमी होतात, कोरड्यात वाढतात, आणि बुरश्यांचं बरोब्बर उलटं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या या गोष्टी, आणि आपण अजून पाऊस पडला की खिडक्या उघडून "आहा, शुद्ध हवा" करतो. मी पण करते, खोटं कशाला बोलू.

बरं, हे बुरशीचं. त्या "आहा"चं काय?

मातीच्या वासावर आपल्याकडं इतकं लिहिलं गेलंय की मला त्यात पडायची भीती वाटते. पण तो वास कुणाचा हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. त्यातला मोठा भाग जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, आणि तो बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू, बुरशीसारखे धाग्यांनी वाढणारे. माणसाच्या नाकाला हा वास इतका बारीक कळतो की लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी आपण मान वर करतो. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी कोरड्या मातीवर पाणी पडल्यावरच्या वासाला पेट्रिकोर असं नाव दिलं, आणि त्या लेखात आपल्या कनौजचा उल्लेख आहे, तिथले अत्तरवाले भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात धरून विकतात म्हणून. म्हणजे नाव त्यांनी दिलं, बाटली आपण आधीच भरलेली.

हे स्ट्रेप्टोमायसिस मला घरातले वाटतात त्याचं दुसरं कारण आजोबा. त्यांना मी जन्मायच्या आधी टीबी झाला होता, नव्वद सुया टोचल्या म्हणून आजी सांगायची, लातूरला सायकलवर जाऊन. त्या सुया स्ट्रेप्टोमायसिनच्या. १९४३ साली अमेरिकेत मातीतल्या याच जातीच्या एका जिवाणूतून काढलेलं औषध. ज्या वासासाठी आजोबा वावरात उभे राहून छाती भरून घ्यायचे त्याच वासवाल्यांच्या भाऊबंदांनी त्यांची छाती वाचवली, आणि त्याच वेळी आजी तोच वास आला की दार लावून घ्यायची. नवरा-बायकोचं एवढंही एकमत नसावं.

आणि वास येतो म्हणजे नुसता वास येत नाही. तो हवेत चढतो कसा हे बघायला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या लोकांनी २०१५ मध्ये जोरात फोटो काढणारे कॅमेरे लावले, २८ प्रकारच्या पृष्ठभागांवर सहाशेच्या आसपास थेंब टाकून बघितले. थेंब मातीवर पडून चपटा होतो तेव्हा मातीच्या छिद्रांतली हवा त्याच्याखाली अडकते, तिचे बुडबुडे होऊन थेंबातून वर येतात आणि फुटतात, सोड्याच्या बाटलीतून तोंडावर तुषार उडतात ना, तसे. त्या तुषारांत मातीतलं जे असेल ते. फार जोराच्या पावसात हे कमी होतं, हलक्या-मध्यम पावसात जास्त, म्हणजे बरोबर आपला मिरगाचा पहिला शिडकावा. २०१७ ला त्यांनीच मातीत जिवाणू मिसळून परत तेच केलं. एका थेंबानं मातीच्या पृष्ठभागावरच्या जिवाणूंपैकी ०.०१ टक्का हवेत जाऊ शकतात. ऐकायला काहीच नाही. पण पावसाला थेंब किती, आणि चिमूटभर मातीत जिवाणू किती, कोटींत. उडालेले तासाभरानंतरही जिवंत सापडले. त्यांचा हिशोब असा की जगभरात जमिनीवरून जेवढे जिवाणू हवेत जातात त्यातले १.२ ते २५ टक्के पावसाच्या थेंबांनी उडवलेले असू शकतात. १.२ ते २५ हा काय आकडा झाला, मोंढ्यात असा भाव सांगितला तर लोक हाकलून देतील, पण विज्ञानात सुरुवात अशीच होते.

वर पावसात ऊन नसतं, हवा दमट असते, त्यामुळं जिवाणूला वाळून किंवा उन्हानं मरायची घाईही नसते. बहुतेक सगळे निरुपद्रवी. सगळेच नाहीत, उत्तर ऑस्ट्रेलियात, थायलंडमध्ये मातीतल्या एका जिवाणूनं होणारा मेलिऑइडोसिस नावाचा आजार पावसाळ्यातच वर येतो, आपल्या देशातही तो आहे. पण म्हणून पावसाला घाबरा असं मी म्हणत नाही. आठ महिने पावसाची वाट बघणाऱ्या प्रदेशात बसून असं म्हणायची माझी हिंमतही नाही.

उलट आमच्याकडं हवेतल्या बुरशीची भीती छातीपेक्षा पिकाची. त्या वर्षी ज्वारीचं जे झालं ते सांगते. कणसं भरली, दाणा पांढराशुभ्र, तात्या खुश, आणि कापणीला आठ दिवस राहिले असताना परतीचा पाऊस लागला. तीन दिवस झड. माझ्या पट्ट्यांवर फ्युजेरियमचे होडीसारखे आणि कर्व्हुलेरियाचे वाकडे बीजाणू वाढत गेले आणि वावरात दाणा गुलाबी, मग करडा, मग काळा. मी रोज वहीत आनंदानं आकडे भरत होते, विद्यार्थ्याला ग्राफ चढला की बरं वाटतं हो, आणि एक दिवस तात्या मोंढ्यातून परत आले, ओसरीवर पिशवी ठेवली, म्हणाले, "अडत्यानं हातात घेतली, वास घेतला आन् परत ठिवली." मग माझ्याकडं बघून, "तुझ्या मशिनीत गावलं का कोण व्हतं ते?" गावलं होतं. नावं सांगता आली असती लॅटिनमध्ये. मी नाही सांगितली.

पाऊस रोग फक्त वाढवतो असंही नाही, तो आणून सोडतो. गव्हाच्या तांबेऱ्याचं उदाहरण मला फार आवडतं, म्हणजे आवडतं हा शब्द चुकला. तांबेऱ्याची बुरशी उत्तरेच्या मैदानात उन्हाळ्यात टिकत नाही, मग दरवर्षी येते कुठून, हे कोडं के. सी. मेहता या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी आयुष्यभर सोडवलं, डोंगरांवरून येते असं दाखवलं. खोडावरच्या तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत गव्हावर राहतात, नोव्हेंबरच्या आसपास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ झालं की त्या वाऱ्यावर बसून शेकडो किलोमीटर मध्य भारताकडं येतात, आणि पाऊस त्यांना खाली उतरवतो. पावसाचं पाणी तपासून ते आले का हे बघता यायचं. म्हणजे धुणं म्हणतो ना आपण, वरची हवा धुतली की तो मळ खाली कुणाच्या तरी पानावर पडतो. वरून बघितलं तर स्वच्छता मोहीम, खालून बघितलं तर प्रवासी उतरवून निघालेली गाडी.

आणि एक गोष्ट तर मला चक्क अन्याय वाटते. स्युडोमोनास सिरिंजी नावाचा जिवाणू आहे, पानांवर राहतो, त्याच्या अंगावर असं एक प्रोटीन आहे की त्याच्याभोवती पाण्याचा बर्फ उणे २ अंशालाच व्हायला लागतो. ढगातलं शुद्ध पाणी बारीक थेंबात असेल तर उणे ३८ अंशांपर्यंत न गोठता राहू शकतं, त्याला धरायला काहीतरी कण लागतो. हा जिवाणू वाऱ्यानं वर जातो, ढगात बर्फाचं बी होतो, पाऊस किंवा गारा होऊन परत खाली पानावर. डेव्हिड सँड्स यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली की जिवाणू स्वतःच पाऊस पाडून घरी परततात. प्रत्यक्षात पावसात त्यांचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांचा अजून वाद आहे. पण २०१५ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादहून विमानं उडवून ढगांत क्षारांची बी पेरली जात होती आणि आम्ही गच्चीवर उभे राहून विमान दिसतंय का बघत होतो, तेव्हा माझ्या डोक्यात सारखं येत होतं की पानापानावर हा एवढासा माणूस हेच काम फुकट करतो म्हणे. फक्त त्याला पानं पाहिजेत. मराठवाड्यात झाडी किती आहे हे काय मी सांगायचं?

आजीकडं परत येते. दम्याचं आणि पहिल्या पावसाचं नातं मी एमएस्सीला असताना पुस्तकात फार सापडलं नाही. नंतर २०१६ च्या २१ नोव्हेंबरला मेलबर्नमध्ये एका वादळी संध्याकाळी हजारो लोक श्वास अडकून दवाखान्यांत पोचले, दहा जण गेले, तेव्हा सगळ्या जगात त्याची चर्चा झाली. तिथं मुख्य दोष गवताच्या परागकणांचा, ओलाव्यानं फुगून फुटलेल्या, तुकडे इतके बारीक की नाकात न अडकता थेट आत. आमच्या आजीला कशाचा त्रास होता, परागाचा, अल्टरनेरियाचा, का नुसत्या थंड वाऱ्याचा, कधी कुणी तपासलं नाही. तालुक्याच्या डॉक्टरनं एक गोळी दिलेली, ती खायची आणि चहात आलं.

पण एक गोष्ट मी उशिरा लक्षात घेतली. ती आत जायची ते फक्त मिरगात. श्रावण लागला की तिची बाज ओसरीवर यायची. आमचं माळवदाचं घर, जाड मातीच्या भिंती, सतत झड लागली की आत ओल धरायची, कणग्यांच्या मागं भिंतीला हिरवट-पांढरी बुरशी यायची, आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट व्हायची. बाहेर तेव्हा सगळं धुऊन भिजून जड झालेलं. काकू म्हणायच्या, म्हातारीला आत गुदमरायला होतंय. म्हातारी म्हणायची, "मिरगात भाईर न्हाई, सरावणात आत न्हाई." मी दोनशे पानांचं डिझर्टेशन लिहिलं त्यात या वाक्याला जागा नव्हती, गाईडांनी खोडलं असतं.

तर त्या दोन स्लाइडा. मिरगाच्या त्या संध्याकाळी लाईट गेलेली, सॅम्पलर मेलेला, पाऊस धो-धो, कंदिलाच्या उजेडात मी ओसरीवरच्या काचेला चिकटलेलं काय दिसतंय का बघत होते, अर्थातच नुसत्या डोळ्यांना काय दिसणार. खरी उत्सुकता आतल्या काचेची. बंद खोलीत खरंच कमी बीजाणू जातात का, म्हातारीचा हिशोब बरोबर आहे का, हे त्या एका काचेवरून कळलं असतं, निदान अंदाज तरी. दोन्ही रात्रभर ठेवायच्या ठरवल्या.

सकाळी उठून बघते तर ओसरीवरची जागेवर. आत कणगीच्या झाकणावर काहीच नाही. आजी चुलीपुढं बसलेली. म्हणलं आज्जी, माझी काच होती इथं. तिनं देवळीकडं बोट दाखवलं. काच तिथं उभी करून ठेवलेली, लखलखीत.

"लई चिकट झाली व्हती गं माय," ती म्हणाली, "राखेनं घासून ठिवली."

ती काच माझ्या स्लाइडच्या डब्यात अजून आहे, एकविसाव्या खाचेत. लेबल मी आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं म्हणून तेवढं चिकटवलं: आजीची खोली, आतून, पहिला पाऊस. परवा लेकीनं डबा उघडला, उजेडाकडं धरून बघितलं आणि विचारलं, "आई, याच्यावर तर काहीच नाहीये?"